पीसीओएसमध्ये (बायकांमधला हार्मोनचा बिघाड) टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोनचा रक्तातला एकूण आकडा) नॉर्मल, तरी हनुवटीवर केस का येतात?

कारण अर्धा खेळ लिव्हरमध्ये चालतो. लिव्हर एसएचबीजी नावाचं प्रोटीन बनवतं, ते रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पकडून ठेवतं, म्हणजे जे मोकळं राहतं तेच मुख्यतः काम करतं. आता इन्शुलिन रेझिस्टन्समुळे (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही) इन्शुलिन वाढलं की लिव्हर एसएचबीजी कमी बनवतं, वर टेस्टोस्टेरॉन स्वतःही ते कमीच करतं, मग टोटल आकडा ठीक दिसतो पण मोकळं वाढलेलं असतं आणि केस येतात. इस्ट्रोजेन आणि थायरॉइड हार्मोन याच्या उलट, एसएचबीजी वाढवतात. इस्ट्रोजेनवाली गोळी पोटातून आधी लिव्हरला जाते म्हणून तिचा परिणाम जास्त, त्वचेवर लावायच्या इस्ट्राडायॉल (नैसर्गिक इस्ट्रोजेन) पॅचचा बराच कमी. नुसत्या टोटलवर विसंबू नका, एसएचबीजीची टेस्ट पण करायची का ते डॉक्टरांना विचारा.