हलकी बॅटरी घेण्याआधी

गाडीचं वजन कमी करायचं म्हणून लिथियम बॅटरी बघताय, उत्तम. पण गाडी रोज ऑफिसला जाते की फक्त ट्रॅकवर, हे आधी ठरवा. माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या गाडीला छोटी एजीएम (नेहमीच्याच लेड-अ‍ॅसिड प्रकारातली, पण सीलबंद) बॅटरी पुरते. मूळच्या बॅटरीपेक्षा चारपाच किलो तरी वाचतात आणि चार्जिंगची फारशी काळजी राहत नाही.

लिथियमच हवी असेल तर लेबल नीट वाचा. बऱ्याचदा अँपिअर-अवरच्या आकड्याशेजारी ‘पीबी-इक्यू’ लिहिलेलं असतं. तो आकडा लेड-अ‍ॅसिडशी तुलना करून काढलेला असतो. खरी क्षमता साधारण त्याच्या एक तृतीयांश. इंजिन झटक्यात सुरू होतं म्हणून हे लगेच लक्षात येत नाही. गाडी दोन आठवडे उभी राहिली, अलार्म आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थोडा थोडा करंट खात राहिले, की चावी फिरवल्यावर नुसती टकटक ऐकू येते. दुकानदाराकडून खरी क्षमता विचारून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने टर्मिनलवरचं व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.६ मध्ये असेल तर ठीक. त्याच्या वर जात असेल तर त्या गाडीत लिथियम नको. बॅटरीच्या आत बीएमएस (तिला जास्त चार्ज किंवा पूर्ण रिकामी होण्यापासून वाचवणारं सर्किट) नसेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊच नका. शून्याखालच्या थंडीत लिथियम बॅटरी चार्ज करणंही घातक, तेव्हा हिवाळ्यात मनालीकडे जाणार असाल तर जुनीच बसवून जा.

आणि हो, छोटी बॅटरी जुन्या ट्रेमध्ये सैल बसते. तिच्या मापाचा क्लँप त्याच दिवशी करून घ्या.