मे महिन्यात कोकणात व्हॅनमध्ये राहायचंय, कूलर बसवून आणू का?

तुम्ही विचारलंय की नागपूरहून व्हॅन घेऊन मे महिनाभर कोकण किनाऱ्याने फिरायचंय, झोपायचंही गाडीतच, एसी नाही, तर घरचा छोटा कूलर आत बसवू का. नका बसवू.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधीचे दोन-तीन महिने हर्णै, मिरकरवाडा, देवगड अशा बंदरांच्या फेऱ्या असतात आणि मुक्काम गाडीतच. पहिल्या वर्षी मीही एका पाहुण्याकडून कूलर आणला होता. दुसऱ्या रात्री चादर पिळली असती तर पाणी निघालं असतं. आठवडा व्हायच्या आत गादीखालच्या प्लायला बुरशी आली.

कूलर चालतो तो पाण्याची वाफ होते म्हणून. तुमच्याकडची मेमधली हवा कोरडीठाक, कितीही पाणी पिते. इथली आधीच पोटभर प्यायलेली असते. त्यामुळे जेमतेम तीन-चार अंश उतरतात आणि आतली हवा गच्च ओली होते. पण दुसरी बाजू बघा. इथे पारा ३३-३४च्या आसपास असतो, म्हणजे अंगाच्या कातडीपेक्षा किंचित कमीच. तुमच्याकडे ४४ अंशांत पंखा म्हणजे भट्टीचा भाता. इथे तोच पंखा घाम वाळवतो. कोकणातला सगळा खेळ वाऱ्याचा आणि सावलीचा.

पंखे दोन घ्या, १२ व्होल्टचे. एक मागच्या बाजूला आतली हवा बाहेर फेकणारा, दुसरा थेट अंगावर. २५ वॅटचा पंखा रात्रभर, म्हणजे दहा तास चालला तर २५० वॅट-तास. १०० अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीतून निम्मी वीज वापरली तरी सहाशे मिळतात, दोन्ही पंखे आरामात निघतात. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो, तेव्हा तो नाद सोडा. आणि इंजिन चालू ठेवून, गाडीचा एसी लावून झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

आता टप. लोक खिडक्यांना चंदेरी पत्रे लावत बसतात, पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. ऊन येतं ते टपावरून. मी टपाला गच्चीवर मारतात तो पांढरा रंग दिला, आतून फोम लावला. खरा फरक मात्र पडला तो झापांनी. अंगणातल्या मांडवावर घालतात ते नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. कॅरिअरवर आडव्या काठ्या बांधल्या, त्यावर झाप, आणि झाप व पत्रा यांच्यात चार बोटं मोकळी जागा. ती जागा महत्त्वाची, तिच्यातून वारा वाहतो. आधी दुपारी आतून टपाला हात लावला की चटकन मागे यायचा, आता टेकवून ठेवता येतो. गाडी हलवायच्या आधी झाप उतरवायचे, नाहीतर हायवेवर मागच्याच्या काचेवर जातील.

वारा दिवसात दिशा बदलतो. दुपारी खारा वारा समुद्रावरून येतो, तेव्हा सरकतं दार समुद्राकडे. रात्री मतलई, जमिनीकडून, अगदी मंद; तेव्हा मागचं दार डोंगराकडे, जाळी लावून. मधे सूर्य बुडाल्यावर वारा पडतो आणि घामाच्या धारा लागतात. त्या वेळात गाडीत शिरूच नका. सगळी दारं उघडी टाका, विहिरीच्या पाण्याने अंघोळ करा, बाहेरच जेवा. स्टोव्ह तर आत पेटवूच नका. ओला पंचा अंगावर घेऊन पंख्यासमोर पडलं तर झोप लागते, पण उठल्यावर तो बाहेर वाळत घाला.

गाडी लावायला सुरूचं बन उत्तम, वारा अडत नाही. आंब्याखाली सावली गार, पण हापूसच्या बागेत न विचारता शिरू नका, या दिवसांत राखण असते. वाडीत शिरून एखाद्या काकींना विचारलंत तर जागा मिळते, वर कोकम सरबतही. नारळाखाली कधीच नाही. माझं सोलर पॅनल वाळक्या झावळीने फुटलंय, नारळाने काय झालं असतं! उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वारा भरपूर, पण कातळ रात्री उशिरापर्यंत चटके देतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालू नका. रुततेच, आणि भरती थांबत नाही.

पोटात पेज, सोलकढी, शहाळं, चिमूटभर मीठ. कोणी बरळायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं, तर ओल्या फडक्यांनी अंग पुसत, वारा घालत थेट दवाखाना गाठा. लहान मुलं किंवा कुत्रं बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

एवढं करूनही तीन-चार रात्री झोप लागली नाही, तर आंबोलीला चढा. उंची साधारण ६९० मीटर, म्हणजे किनाऱ्यापेक्षा चार-साडेचार अंश कमी. फक्त सावंतवाडीहून सकाळी लवकर निघा, भरल्या गाडीचं इंजिन दुपारी त्या घाटात तापतं.