मेनफ्रेमवर (बँका, विमा कंपन्या वापरतात त्या मोठ्या संगणकांवर) कोबोल भाषेतल्या प्रोग्राममधून असेम्ब्लर किंवा पीएल/वन या दुसऱ्या भाषांमधलं सबरुटीन (छोटा उपप्रोग्राम) कॉल करता येतं का? दोन भाषांना एकमेकींचं कळतं कसं?

येतं की, आणि आयबीएमच्या मशीनवर तर सिस्टम/३६० पासून, म्हणजे १९६० च्या दशकापासून लोक हे करतायत. मी पुण्यात बसून बरीच वर्षं अमेरिकेतल्या क्लायंटचे असले खिचडी प्रोग्राम सांभाळलेत, सुरुवातीला मलाही वाटायचं की मध्ये कोणी दुभाषी बसलाय की काय, पण तसं काही नाहीये.

कंपाइल झाल्यावर भाषा उरतच नाही हो. कोबोल असो, फोरट्रान असो, बाहेर पडतं ते ऑब्जेक्ट मोड्यूल, म्हणजे मशीनच्या भाषेतला तुकडा, आणि सगळ्यांचा साचा एकच. लिंकेज एडिटर (आता त्याला बाइंडर म्हणतात) हे तुकडे जोडून लोड मोड्यूल बनवतो, कुठला तुकडा कुठल्या भाषेतला याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही, नावं जुळली की झालं.

मग रन होताना एक ठरलेला रिवाज पाळायचा. रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) १ मध्ये पॅरामीटरच्या पत्त्यांच्या यादीचा पत्ता (खुद्द व्हॅल्यू नाही, लक्षात घ्या), १५ मध्ये जायचं कुठे, १४ मध्ये परत यायचं कुठे आणि १३ मध्ये कॉल करणाऱ्याची ७२ बाइटची सेव्ह एरिया. बोलावलेल्याने आल्याआल्या आधीची रजिस्टरं तिथे जपून ठेवायची आणि जाताना होती तशी परत करायची, पाहुण्याने अंथरूण घडी करून जावं तसं. कोबोल, पीएल/वनमध्ये हे कंपायलर करतो, असेम्ब्लरमध्ये तुम्हालाच लिहावं लागतं.

पण खरी मारामारी होते ती डेटावरून. मी एकदा कोबोलमध्ये पाच आकडी एजंट नंबरचं फिल्ड कॉम्पचं (साधं बायनरी) कॉम्प-३ (पॅक्ड डेसिमल, एका बाइटमध्ये दोन आकडे) केलं, का तर चारचे तीन बाइट होतात, एक बाइट वाचला म्हणून मी खूश! कंपाइल क्लीन, लिंक क्लीन, आणि रात्रीच्या बॅचमध्ये सॉक-फोर (एस०सी४, म्हणजे प्रोग्राम भलत्याच पत्त्यावर गेला म्हणून बंद पडला). (त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे झोप तरी वाचली.) डंप (बंद पडतानाची मेमरीची नक्कल) उघडला तर रजिस्टरमध्ये हेक्समध्ये १२३४५सी४०. त्यातला तो 'सी' दिसला आणि डोक्यात प्रकाश पडला, ती पॅक्ड डेसिमलची साइन! एजंट नंबर होता १२३४५, पॅक्डमध्ये तो १२ ३४ ५सी असा बसतो, पण मी कॉल करत होतो ते असेम्ब्लर रुटीन आपलं जुन्या सवयीने चार बाइट बायनरी म्हणून उचलत होतं, मग तीन हे आणि चौथा शेजारच्या फिल्डमधला स्पेस, एब्सिडिकमध्ये (आयबीएमच्या अक्षरांच्या कोडमध्ये) तो ४०. झाले ३०,५४,२१,३७६, आणि हा आकडा घेऊन ते टेबलमध्ये शोधायला निघालं. मग काय, कोबोल प्रोग्रामच्या वर्किंग स्टोरेजमध्ये (त्याच्या स्वतःच्या डेटाच्या जागेत) एस९(९) कॉम्पचं, म्हणजे चार बाइट बायनरीचं, एक फिल्ड घेतलं, कॉलच्या आधी त्यात मूव्ह केलं, विषय संपला. लिंकेज एडिटर बिचारा नावं बघतो, टाइप बघत नाही.

फोरट्रानशी जोडणार असाल तर अ‍ॅरे उलटे असतात, मेमरीत तिथे पहिला सबस्क्रिप्ट (घटकाचा क्रमांक) आधी पळतो, कोबोलमध्ये शेवटचा. आणि पूर्वी प्रत्येक भाषेचं रनटाइम वेगळं असायचं, एरर कोणी पकडायची यावरून भांडणं, ते १९९० च्या दशकात लँग्वेज एन्व्हायर्नमेंट आल्यावर बरंच मिटलं. तुमचे प्रोग्राम त्याआधीच्या कंपायलरचे असतील तर आधी नव्याने कंपाइल करून घ्या, उगाच डोकेदुखी नको.

तुमच्या पीएल/वनचं म्हणाल तर कॅरॅक्टर फिल्ड पाठवताना प्रोसिजरवर ऑप्शन्स(कोबोल) लिहायला विसरू नका. जुना पीएल/वन स्ट्रिंगसाठी थेट डेटाचा पत्ता घेत नाही, त्याला मध्ये एक डिस्क्रिप्टर (डेटा कुठे आणि कसा आहे ते सांगणारी छोटी नोंद) लागतो, आणि तो नसला की तुमच्या डेटाचेच पहिले चार बाइट पत्ता समजून तो तिकडे चालायला लागतो.