परिचयपत्रातल्या दोन ओळी

प्रश्न : मी वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षात आहे. एका मोठ्या अध्यापन रुग्णालयातील डॉक्टरांची परिचयपत्रे वाचताना प्रत्येकाच्या नावाखाली ‘उपचारातील विशेष रस’ आणि ‘संशोधनातील विशेष रस’ अशा दोन ओळी दिसल्या. काहींच्या त्या ओळी जुळतात, काहींच्या अजिबात जुळत नाहीत. मला रुग्णही तपासायचे आहेत आणि संशोधनही करायचे आहे. पण दोन्ही करणारा माणूस दोन्हीकडे अर्धवट राहतो, असे घरचे म्हणतात. मी आत्ताच एक क्षेत्र ठरवून टाकावे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : क्षेत्र आत्ताच ठरवू नका. त्याआधी ती परिचयपत्रे जरा वेगळ्या नजरेने वाचा, कारण त्या दोन ओळी विषय सांगतात, वेळ सांगत नाहीत. आठवड्यातले पाच दिवस ओपीडी आणि वॉर्ड सांभाळून एखाद्या बहुकेंद्री औषधचाचणीत आपले रुग्ण नोंदवणारे डॉक्टर आणि आठवड्यातून एकच सकाळ रुग्ण तपासून उरलेला सगळा वेळ प्रयोगशाळेत घालवणारे डॉक्टर, या दोघांची परिचयपत्रे कागदावर अगदी सारखी दिसू शकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून संशोधनाकडे वळणाऱ्या तरुण डॉक्टरांना जी ‘के’ गटातील अनुदाने मिळतात, त्यांतील बहुतेकांना कामाचा किमान 75 टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची अट असते. असे कुंपण घालावे लागते, यावरूनच कळते की ते नसेल तर रुग्णसेवा सगळा वेळ खाऊन टाकते. आणि दारात उभ्या असलेल्या रुग्णाला ‘आज माझा संशोधनाचा दिवस आहे’ असे सांगणे कोणत्याही सहृदय डॉक्टरला जड जाते.

न जुळणाऱ्या ओळींचे म्हणाल, तर त्या पुष्कळदा वरवरच विसंगत असतात. मूत्रपिंडाचे विकार तपासणारे डॉक्टर उंदरांच्या ऊतींमधील फायब्रोसिसचा, म्हणजे ऊती घट्ट होत जाण्याचा, अभ्यास का करतात, असे वाटेल. पण मूळ आजार कोणताही असला तरी मूत्रपिंड निकामी होत जाताना त्यातील ऊती भरलेल्या जखमेच्या खुणेसारख्या हळूहळू घट्ट होतात, हे लक्षात घेतले की तो प्रश्न वॉर्डातूनच प्रयोगशाळेत गेला आहे, हे दिसते.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराचे आहे. तेथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना 1979पासून जठराच्या बायोप्सींमध्ये वाकडे जिवाणू दिसत होते, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नव्हते. 1981मध्ये बॅरी मार्शल हे प्रशिक्षण घेणारे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे आले, तेही प्रशिक्षणाचा भाग म्हणून एखादा संशोधनप्रकल्प हवा होता म्हणून. जिवाणू वाढवण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की प्लेट टाकून दिली जात असे. 1982च्या ईस्टरच्या सुट्टीत काही प्लेट्स तशाच राहून गेल्या आणि त्यांच्यावर तो हळू वाढणारा जिवाणू दिसला. जठरव्रणाच्या मुळाशी हा जिवाणू असू शकतो, हे दाखवणाऱ्या या कामाने त्या आजाराच्या उपचाराची दिशा बदलली आणि 2005मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मार्शल यांनी आधी क्षेत्र ठरवले आणि मग प्रश्न शोधला, असे येथे घडलेले नाही. शेजारच्या विभागातील एका सहकाऱ्याला पडलेला प्रश्न त्यांनी आपला मानला. तरुणपणीच हृदयविकाराचे झटके येणाऱ्या, वंशपरंपरेने कोलेस्टेरॉल अतोनात वाढलेल्या रुग्णांच्या त्वचेतील पेशी वाढवून मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी एलडीएलच्या, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांच्या, ग्राहींचा (ते कण पकडणाऱ्या पेशींवरील रेणूंचा) शोध लावला, तेव्हाही धागा रुग्णापासूनच सुरू झाला होता.

आता घरच्यांच्या शंकेकडे वळू. ती निराधार नाही. शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी यांसारख्या हाताच्या कौशल्यांना सततचा सराव लागतो, म्हणून संशोधन करणारे शल्यचिकित्सक सहसा आपले काम मुद्दाम अरुंद करतात आणि मोजक्याच प्रकारच्या शस्त्रक्रिया, पण नियमितपणे, करत राहतात. ‘उपचारातील विशेष रस’ ही ओळ इतकी बारीक का असते, याचे एक उत्तर येथे आहे. तेव्हा अर्धवट राहायचे नसेल तर अरुंद व्हावे लागते. सर्व प्रकारचे रुग्ण हाताळण्याचा आनंद तुम्हाला सोडवणार नसेल, तर हे आधीच ओळखलेले बरे. शिवाय वाट लांब आहे. एमडी (ही तेथील मूळ वैद्यकीय पदवी) आणि पीएचडी एकत्र देणारे अमेरिकी अभ्यासक्रम साधारण सात-आठ वर्षे चालतात, आणि निवासी डॉक्टर म्हणून घ्यायचे प्रशिक्षण त्यानंतर सुरू होते. मात्र पीएचडी न करताही, रुग्णांवर आधारित संशोधन करणारे उत्तम डॉक्टर आहेत, हे घरी जरूर सांगा.

सध्या एवढेच करा. त्या यादीतील तीन डॉक्टर निवडा आणि प्रत्येकाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध काढा. वैद्यकीय निबंधांत लेखकांच्या यादीतील शेवटचे नाव बहुधा कामाची सूत्रे सांभाळणाऱ्याचे आणि पहिले नाव प्रत्यक्ष राबणाऱ्याचे असते. तुमच्या डॉक्टरांचे नाव नेहमी मधेच कोठेतरी येत असेल, तर संशोधन हा त्यांचा जोडव्यवसाय असण्याची शक्यता अधिक. मग चार ओळींचे पत्र लिहून, त्यात वाचलेल्या निबंधाचा उल्लेख करून, भेटीची वेळ मागा. भेटीत ‘संशोधनात भवितव्य आहे का’ असे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘मागच्या आठवड्यात सोमवारपासून शनिवारपर्यंत आपण काय काय केले?’ असे विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

त्यांपैकी कोणाकडे जुन्या केसपेपरांवर आधारित, नीतिसमितीची मंजुरी असलेला एखादा छोटा प्रकल्प चालू असेल, तर त्यात सहा महिने काम मागा. दोनशे केसपेपर वाचायचे, त्यांतल्या निम्म्यांत वजनाची नोंद नाही असे आढळायचे आणि ती कोठे सापडेल यासाठी पुन्हा शोधाशोध करायची, असे ते काम असेल. मला भेटणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण या टप्प्यावर कंटाळून वॉर्डात परततात आणि तेथे समाधानाने काम करतात. काही जणांना मात्र ती वजने नेमकी कोणत्या रुग्णांची नोंदवलेली नाहीत, हाच नवा प्रश्न पडतो. सहा महिन्यांनी तुमचे काय झाले, ते मला कळवा. तुमच्या पुढच्या पत्राचे उत्तर त्यावर अवलंबून राहील.