चार-चार ओटीटीचे पैसे भरूनही जाहिराती आणि वर भाडं! मग टेलिग्रामवरून पिक्चर उतरवला, नाहीतर ‘सगळं फ्री’वाला डबा घेतला, तर काय बिघडलं?

तुम्ही लिहिलंय की घरात चार ओटीटी आहेत, एक ब्रॉडबँडसोबत आलेलं आणि तीन वेगळे घेतलेले. तरी मधेच जाहिरात लागते, हवा तो पिक्चर नेमका भाड्याने दिसतो, पुण्यात होस्टेलवर असलेल्या मुलाला घरचं अकाउंट नीट चालत नाही. नागपुरात मनीष नगरातल्या तुमच्या सोसायटीत अर्धे लोक टेलिग्रामवर परतलेत आणि बर्डीच्या बाजारातला एक दुकानदार ‘एकदा पैसे द्या, आयुष्यभर सगळं फ्री’ म्हणून टीव्हीला जोडायचा डबा दाखवतोय.

डबा घेऊ नका, आणि चारातले तीन आजच बंद करा. चीड मात्र अगदी रास्त आहे.

प्राइमचं वर्षाचं सदस्यत्व डिसेंबर २०२१ मध्ये ९९९ वरून १४९९ झालं. १७ जून २०२५ पासून त्याच पैशात जाहिराती आल्या आणि त्या घालवायला वर्षाला आणखी ६९९ मागितले. म्हणजे जे आधी ९९९ ला मिळत होतं त्याला २१९८. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये एका घराबाहेर पासवर्ड वाटणं बंद केलं. एचबीओ या अमेरिकी चॅनलच्या मालिका ३१ मार्च २०२३ ला हॉटस्टारवरून गेल्या, जिओसिनेमावर उगवल्या, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला ते दोन्ही अ‍ॅप एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. त्याच मालिकेसाठी माणसाने दोन वर्षांत दोन दारं ठोठावली आणि शेवटी पहिल्याच अंगणात आला. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवून सवय लावली, मग तिलाही कुंपण घातलं.

मराठी घराची तर वेगळीच तऱ्हा. झी मराठी पाहायचं तर झी५, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. आईच्या संध्याकाळच्या मालिकांनाच तीन अ‍ॅप लागतात. चोरीच्या बाजारात हे सगळं एका ठिकाणी मिळतं, आणि लोक तिकडे वळतात ते फुकटापेक्षा या सोयीसाठी जास्त, असं माझं मत आहे. (मालिका आणि मॅच एवढंच पाहणं असेल तर केबल किंवा डीटीएचवर ते चॅनल सुटे घेऊन बघा. बऱ्याच घरांत तीन अ‍ॅपपेक्षा ते स्वस्त पडतं आणि आईला रिमोटवर अ‍ॅप शोधावं लागत नाही.)

आधी गळती शोधा. पैसे चार वाटांनी जातात आणि चारही वेगळ्या ठिकाणी दिसतात. यूपीआय अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ (पैसे आपोआप कापायला आपण दिलेली परवानगी) उघडा. तिथे नावाबरोबर ‘कमाल रक्कम’ लिहिलेली असते तीही वाचा, कारण मँडेट पुष्कळदा आजच्या दरापेक्षा मोठ्या रकमेचं दिलेलं असतं, आणि दर वाढला तरी त्या मर्यादेत तो आपोआप कापला जातो. कार्डावरची मँडेटं बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये असतात. प्ले स्टोअर किंवा आयफोनमधून घेतलेलं सदस्यत्व तिथल्या ‘सबस्क्रिप्शन’ यादीत असतं आणि तिथूनच बंद करावं लागतं. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सदस्यत्व संपलं असं नाही, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. चौथी वाट ब्रॉडबँडचं बिल. पॅकमध्ये ओटीटी फुकट असतं पण ते चालू करायची लिंक वेगळी येते. ती कोणी उघडत नाही आणि तेच ओटीटी बाहेरून पुन्हा विकत घेतलं जातं. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बघा, आणि पॅकमधला प्लॅन कुठल्या दर्जाचा आहे, किती स्क्रीनचा आहे, टीव्हीवर चालतो की फक्त मोबाइलवर, हे विचारून घ्या. बरेचदा तो सगळ्यात खालचा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १५ हजारांपर्यंतची आवर्ती रक्कम ओटीपीशिवाय कापता येते, पण कापायच्या २४ तास आधी सूचना द्यावीच लागते. तो एसएमएस आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. त्यात मँडेट थांबवायची सोय असते.

बंद करताना क्रम लक्षात ठेवा: आधी ओटीटीच्या खात्यात जाऊन रद्द करा, स्क्रीनशॉट घ्या, मग मँडेट काढा. उलट केलं तर खातं थकबाकीत दिसतं आणि ‘पेमेंट अपडेट करा’चे मेल येत राहतात.

आता पुढची पद्धत: एका वेळी एकच ओटीटी पैसे देऊन घ्यायचं, महिन्यापुरतं, आणि घेतल्या दिवशीच रद्द. नेटफ्लिक्सवर असं रद्द केलं तरी भरलेला महिना पूर्ण चालतो, पुढचा कापला जात नाही. नेटफ्लिक्सच्या डिसेंबर २०२१ ला ठरलेल्या दरांनी हिशेब करा. ४९९ चा प्लॅन वर्षभर ठेवला तर ५९८८, वर्षातून तीन महिने घेतला तर १४९७. तीन महिन्यांत चार माणसांचं घर आवडीचं सगळं उरकतं. उरलेले महिने झी५ किंवा सोनीलिव्ह, क्रिकेटच्या मोसमात जिओहॉटस्टार. काय पाहायचं राहिलं त्याची यादी अ‍ॅपमध्ये नको, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठेवा, कारण पिक्चर इकडून तिकडे जातात. नवी मालिका आठवड्याला एक भाग अशी येत असेल तर शेवटचा भाग आल्यावरच महिना घ्या. वार्षिक प्लॅनच्या नादी लागू नका. वर्षभराचे पैसे एकदम दिले की मधे जाहिराती आल्या काय आणि पिक्चर गेले काय, आपल्या हातात काही उरत नाही. प्राइमचा अपवाद करता येईल, पण तो पार्सल मागवणाऱ्यांसाठी.

एखादाच पिक्चर पाहायचा असेल तर भाडंही वाईट नाही. साधारणपणे भाडं भरल्यावर ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा. रात्री सुरू करून झोप लागली की उद्या संध्याकाळी जमेल का, हे आधी ठरवा.

चित्राच्या दर्जाबद्दल तुम्ही लिहिलंय की पैसे देऊनही प्रोजेक्टरवर धूसर दिसतं, आणि सोसायटीतल्या पोट्ट्याने आणलेली फाइल चकचकीत. यामागे बहुतेक वेळा प्लॅन नसतो, यंत्र असतं. पाच-सात हजारांच्या बऱ्याच प्रोजेक्टरना आणि स्वस्त अँड्रॉइड डब्यांना वाइडवाइन (चोरी रोखणारं गुगलचं डिजिटल कुलूप) एल१ या वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र नसतं, फक्त खालच्या दर्जाचं एल३ असतं. एल३ वर मोठे ओटीटी ४८० पीच, म्हणजे एचडीहून कमी स्पष्ट चित्र देतात, तुम्ही ६४९ चा फोर-के प्लॅन घेतला तरी. प्ले स्टोअरवरचं ‘डीआरएम इन्फो’ अ‍ॅप टाकून ‘सिक्युरिटी लेव्हल’ बघा. एल३ दिसलं तर प्लॅन वाढवू नका, प्रमाणित स्टिक (ओटीटी चालवणारं छोटं यंत्र) घ्या आणि एचडीएमआयला लावा. फोर-के हवं असेल तर टीव्हीचं ते पोर्ट एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी व्यवस्था) चं असायला हवं. मधे स्वस्त स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा) लावला की पडदा काळा होतो आणि आवाज तेवढा येतो, हे त्याचंच लक्षण.

स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालवू नका. जुन्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअरच मिळतो, मग ती मधेच रीस्टार्ट होते. सोबतचा अडॅप्टर वापरा. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की भिंतीला चिकटलेल्या टीव्हीमागे स्टिक तापून मंदावते. लोक म्हणतात नेट स्लो आहे. बॉक्समध्ये आलेली छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन लावून तिला टीव्हीच्या कडेबाहेर काढा.

नेटचं म्हणाल तर नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे १०८० पीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ लागतात. कुठल्याही फायबरवर एवढं असतं. अडतं ते वाय-फायवर: राउटर हॉलमध्ये, टीव्ही दोन भिंती पलीकडे. शक्य असेल तर केबल ओढा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर जोडून बघा.

आता ती चकचकीत फाइल. दोन तासांचा पिक्चर दीड जीबीत बसवला तर सेकंदाला साधारण १.७ मेगाबिट पडतात, ७०० एमबीत बसवला तर ०.८. नेटफ्लिक्स एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा वापरतं, म्हणजे ६.७ मेगाबिटपर्यंत. नावात ‘१०८० पी’ लिहिलं म्हणून तपशील येत नाही. अंधारातले सीन, धूर, पाऊस बघा, चौकोन दिसतात. ती फाइल तुम्हाला छान वाटली कारण तुलना एल३ वरच्या ४८० पीशी होती.

आता डबा. हे डबे आतून स्वस्त अँड्रॉइडचे असतात, गुगलची तपासणी न झालेले, आणि विकणारा त्यात प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅप भरून देतो. काहींमध्ये तर कारखान्यातूनच घुसखोर प्रोग्रॅम येतो. अशा डब्यांच्या जाळ्याला बॅडबॉक्स २.० म्हणतात आणि त्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. डबा तुमच्या वाय-फायवर बसतो आणि तुमच्या कनेक्शनवरून दुसऱ्यांचे उद्योग चालतात. पुढे चौकशी आली तर आयपी अ‍ॅड्रेस तुमचा. शिवाय ‘आयुष्यभर’ म्हणजे मागचा सर्व्हर चालू असेपर्यंत. तो बंद पडला की दुकानदार म्हणणार, ‘भाऊ, वरूनच बंद आहे.’ पावती नाही, पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर गेलेले, तक्रार कुठे करणार?

फोनमधली ‘मॉड’ एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकलेली फेरफार केलेली फाइल, त्याहून वाईट, कारण तिथे तुमची बँक आहे. पिक्चर दाखवणाऱ्या अ‍ॅपला एसएमएस वाचायची किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी लागत नाही. मागितली म्हणजे ओटीपीवर डोळा आहे असं समजा. आधीच टाकलं असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, सेफ मोडमध्ये सुरू करा, सेटिंगमधल्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ यादीतून त्याचं नाव काढा, मगच अनइन्स्टॉल होईल. यूपीआय पिन आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन, बँकेत त्यानंतर. पहिल्या तासाभरात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

कायद्याचं लोक हसण्यावारी नेतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत पिक्चरचं चोरून चित्रण आणि प्रसारण करणाऱ्याला तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. रोख मुख्यतः अपलोड करणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर असतो, हे खरं. पण टोरेंट वापरताना फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्याकडून इतरांना जात असतात, म्हणजे तुम्ही नुसते पाहणारे राहत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकणाऱ्यालाही हे सांगा.

पुण्यातल्या मुलाबद्दल थोडक्यात. नेटफ्लिक्स ‘घर’ ठरवतं ते टीव्हीच्या इंटरनेटवरून. होस्टेलच्या टीव्हीवर लावलं की कोड मागणार. त्याला फोनवरच पाहायचं असेल तर १४९ चा मोबाइल प्लॅन महिनाभर घेऊन द्या, आणि त्याचं प्रोफाइल नव्या खात्यात हलवा म्हणजे यादी जात नाही. हा प्लॅन टीव्हीवर चालत नाही, ४८० पीच देतो. प्राइमला जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणं आणि त्यातले दोनच टीव्ही अशी मर्यादा आहे. घरात दोन टीव्ही असतील तर जुन्या टीव्हीची नोंदणी काढल्याशिवाय तिसरा चालणार नाही.

फुकट आणि कायदेशीरही बरंच आहे. प्रसार भारतीचं वेव्हज नोव्हेंबर २०२४ पासून आहे, जुन्या दूरदर्शनसाठी उत्तम. यूट्यूबवर निर्मात्यांच्या अधिकृत चॅनलवर जुने मराठी पिक्चर पूर्ण मिळतात. चॅनल अधिकृत आहे का तेवढं बघा.

रद्द केल्यावरही पैसे कापले गेले, किंवा रद्द करायचं बटणच सापडू नये असं केलं असेल, तर सोडू नका. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसव्या पद्धती दिल्या आहेत, त्यात ‘सदस्यत्वाचा सापळा’ आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा; ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही हललं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की बंगळुरूत, तुम्ही राहता तिथे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ‘जाहिराती का सुरू केल्या’ ही तक्रार मात्र मला कमकुवत वाटते, कारण अटींमध्ये ती पळवाट आधीच ठेवलेली असते. ‘अमुक तारखेला रद्द केलं, हा स्क्रीनशॉट, तमुक तारखेला कापले, हे स्टेटमेंट’ ही तक्रार भक्कम.