‘ऑन द लॉट’ ही दिग्दर्शकांची स्पर्धा प्रेक्षकांना धरून का ठेवू शकली नाही? परीक्षक कमी पडले का?

परीक्षक कमी पडले असे मला वाटत नाही. स्पर्धेची रचनाच त्यांच्या आड आली. स्टीव्हन स्पीलबर्ग आणि मार्क बर्नेट यांची निर्मिती असलेला हा कार्यक्रम मे 2007 मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाला. अभिनेत्री-लेखिका कॅरी फिशर व दिग्दर्शक गॅरी मार्शल हे नेहमीचे परीक्षक होते आणि त्यांच्या जोडीला पाहुणे दिग्दर्शक येत. फिशर यांना इतरांच्या पटकथा दुरुस्त करण्याचा दांडगा अनुभव होता, परंतु स्पर्धकाने बनवलेल्या एका लघुपटाच्या वाट्याला येणाऱ्या मोजक्या क्षणांत कोणाचीही समीक्षा त्रोटकच राहणार. शिवाय निकाल प्रेक्षकांच्या मतांवर ठरत असल्याने परीक्षकांच्या शब्दाला फारसे वजन उरत नसे.

माझ्या मते खरे नुकसान वेगळेच होते: गाण्याच्या स्पर्धेत कस डोळ्यांसमोर लागतो, येथे मात्र चित्रीकरणातली धडपड, नटांशी घातलेला मेळ आणि संकलनातले निर्णय बहुतांशी पडद्याआड राहून केवळ तयार लघुपट समोर येई. प्रेक्षकसंख्या घसरल्यावर आठवड्याचे दोन भाग एकावर आणले गेले. ऑगस्टमध्ये विल बिगम विजेते ठरले आणि त्यांना ड्रीमवर्क्स या चित्रपटनिर्मिती कंपनीबरोबर दहा लाख डॉलरचा करार मिळाला.