राजीनामा आत्ताच लिहू नका, सर

सर, मालिका लिहायला शाळा सोडायची म्हणता, पण नोकरी तूर्त राहू द्या. मीही फळ्यासमोरूनच मालिकांकडे आलो, म्हणून सांगतो: मानधन एपिसोडमागे असतं, मिळतं उशिरा आणि टीआरपी घसरला की मालिकाच गुंडाळतात.

मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुतेकदा वेगवेगळी माणसं लिहितात. तुम्ही संवादांपासून सुरुवात करा. दर वाक्याला ‘व्हय’ नि ‘न्हाय’ पेरलं की सांगलीची बोली झाली, असं अनेकांना वाटतं. तुम्ही मात्र पालकसभेत नेहमी ऐकता, ‘गुरुजी, पोरगं तुमचंच समजा, काय करायचं ते करा.’ त्यात विश्वास असतो, थोडी हतबलता असते, आणि घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही हेही असतं. असं एक वाक्य सापडलं की अर्धा प्रसंग झालाच.

नवशिक्यांच्या, त्यातही शिक्षकांच्या, नेहमीच्या चुका:

- पात्रं तास घेतात. प्रेक्षकाला कळलेलं पुन्हा समजावू नका.
- ‘या, बसा, चहा घेणार?’ सरळ कापा. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटंच हातात असतात.
- अख्खी मालिका लिहून पाठवतात. एक पानाची संकल्पना नि दोन-तीन प्रसंग बास. आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे त्या लिखाणाची नोंदणी मात्र करा.

आणि नाटकं बघा हो! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्या सांगलीत राहता तुम्ही. वन-लाइन (भागातल्या प्रसंगांचा थोडक्यात आराखडा), ट्रॅक (मालिकेतला एकेक कथाधागा) वगैरे पुढं बघू. आधी दोन प्रसंग लिहून पाठवा.